पहिलं शेत कुणाचं

भात पिवळं पडू लागलं की माझ्या पोटात गोळा येतो.

महाडात या दिवसांत सगळे खुशीत असतात. बाजारात विळ्यांना धार लावून मिळते, दुकानांपुढं आकाशकंदील लटकतात, एमआयडीसीच्या बसमधून उतरणारी माणसं बोनसचं बोलत असतात. पोलादपूरकडून येणाऱ्या वाऱ्याला कापलेल्या भाताचा वास असतो, ओलसर, गोडूस, नुकत्याच न्हालेल्या जनावरासारखा. वास चांगला आहे. माझी त्याच्याशी काही तक्रार नाही. पण तो आला की हात फोनकडं जातो आणि फोनपाशी जाऊन थांबतो.

आमच्याकडं, म्हणजे जिंतूरच्या पलीकडं, या दिवसांत कापूस. कोरडी हवा, ओटीसारखा बांधलेला पदर, बोंडाच्या टोकांनी ओरबाडलेली बोटं. कापूस वेचताना आवाज होत नाही. इथं मात्र आवाज असतो. खळ्यावर भाताच्या पेंढ्या आपटतात, धप्प, धप्प, आणि तो आवाज समोरच्या डोंगराला लागून माघारी येतो. एकच माणूस झोडत असला तरी दोघं झोडतायत असं वाटतं. लग्न होऊन आले त्या पहिल्या वर्षी मला वाटलं, कुणीतरी कुणाला मारतंय. शेजारणीला घाबरून विचारलं तर ती हसून हसून भिंतीला टेकली. म्हणाली, "गो, भात झोडतायत. तुमच्याकडं भात नाय खात?" खातो की. पण दुकानातून आणून.

घाबरणं माझ्या हाडात आहे. सातवीत शाळा सुटली तीही अशीच. मी सोडली नाही, कुणी मला काढलंही नाही. वेचणीत चार दिवस गेले नाही, मग गुरुजी काय म्हणतील या भीतीनं पाचव्या दिवशी गेले नाही, आणि मग ते तसंच राहिलं. आमचे हे कंत्राटदाराच्या ओळखीनं महाडच्या कारखान्यात लागले आणि त्यांच्यामागं मी आले. आईला फार आनंद झाला होता. "चवदार तळ्याच्या गावाला चाललीस गं माय," म्हणून तिनं सगळ्या गल्लीत सांगितलं. लहानपणी जयंतीच्या गाण्यांतून ऐकलेलं तळं आता भाजी आणायच्या वाटेवर होतं. पहिल्या दिवशी मी त्याच्या पायरीवर बसून आईला फोन केला. "बरी हायस ना?" तिनं विचारलं. "बरी हाय," मी म्हटलं. खरं तर त्या दिवशी मला इतकं एकटं वाटत होतं की पायऱ्या उतरताना कठडा सोडवत नव्हता. पण लांब गेलेलं माणूस सगळ्यात आधी हेच एक वाक्य शिकतं, आणि मग दुसरं काही बोलायचं विसरून जातं. पुढं फौजी माणसं जवळून बघितली तेव्हा हे मला जास्त कळलं. त्यांचं तेच वाक्य हिंदीत असतं. ठीक है.

मॅडम आमच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आल्या तेव्हा मी कारखान्याच्या पोरांना डबे करत होते. त्यांचाही डबा लागला. त्या मानसशास्त्रज्ञ. शेजारीपाजारी कुजबुज झाली, वेड्यांची डॉक्टरीण आलीय. मॅडमच्या कानावर गेलं तर त्या म्हणाल्या, "वेड्यांचे डॉक्टर वेगळे. मी दुखण्याची." मला वाटलं, मग गोळ्या देत असतील. तर गोळ्याही नाहीत.

त्यांची गोष्ट मला तुकड्यातुकड्यांनी कळली, भाकरी थापताना, जीपमध्ये, कधी कपडे वाळत घालताना. शिकत असताना त्यांना लहान मुलांसाठी काम करायचं होतं. पहिली नोकरी मात्र मिळाली ती जखमी जवानांना कृत्रिम पाय बसवतात अशा ठिकाणी. तिथं एका जवानानं त्यांना सांगितलं, माझ्या अंगठ्यात गोळा येतोय. तो पाय तर गुडघ्याखाली नव्हताच. मॅडम सांगत होत्या, "मी त्याच्या चादरीकडं बघितलं, चादर सपाट होती. आणि त्याच्या तोंडाकडं बघितलं, तर घाम खरा होता." त्या दिवसापासून त्यांचं सगळं आयुष्य या एकाच गोष्टीमागं गेलं. जखम भरली, दाखल्यावर सगळं ठीक लिहिलं गेलं, माणूस पेन्शन घेऊन घरी आला, तरी दुखणं राहिलं तर त्याचं काय करायचं? मोठ्या इस्पितळांत असताना त्यांच्या ध्यानात आलं की घरी गेलेला फौजी परत येतच नाही. तो डोंगरात जाऊन बसतो. घाटात दरड आली की रस्ता बंद, आणि रस्ता चालू असला तरी तो म्हणतो, कशाला. म्हणून मग त्याच डोंगरात आल्या.

मी एकदा विचारलं, "जखम बरी झाली तर दुखतं कसं? मनाचंच ना मग?" तेवढ्यात एमआयडीसीतला एक भोंगा वाजायला लागला. चाचणीचा असावा, बराच वेळ वाजला. त्या म्हणाल्या, "समजा आग लागली, भोंगा वाजला. आग विझली. पण भोंगा बिघडला, बंदच होत नाही. आग खोटी म्हणाल? असेल. पण आवाज खोटा आहे का? तुमचे कान दुखतायत ना?" मला हे इतकं पटलं की त्या दिवशी डाळ करपली.

त्या मला 'अहो' म्हणायच्या. मला तोवर कुणीच अहो म्हटलं नव्हतं. आणि दुसरी गोष्ट, मी घाबरले की त्या 'घाबरू नका' म्हणायच्या नाहीत. म्हणायच्या, "भीती आत्ता कुठं आहे? पोटात की छातीत?" मी शोधायला लागायची आणि शोधता शोधता ती थोडी कमी व्हायची. हे उपकार कसे सांगायचे ते मला कळत नाही.

एका दिवाळीच्या तोंडावर त्या म्हणाल्या, "माझ्याबरोबर वाडीवर याल का? पुरुष माझ्याशी नीट बोलत नाहीत, बायका तर अजिबात नाहीत."

वाडी कुडपणच्या वाटेवर होती. पोलादपूर सोडलं की रस्ता वर चढतो आणि एका वळणानंतर खाली नुसते भाताचे तुकडे दिसतात, पायऱ्यापायऱ्यांचे, कुठं पिवळे, कुठं अजून हिरवे. दहा-बारा उंबरे, आणि जवळजवळ प्रत्येक उंबऱ्यात एक फौजी, नाहीतर फौजीचा फोटो. त्या दिवशी सगळे विहारात जमले होते. मी जय भीम म्हटलं, त्यांनी विचारलं कुठल्या, मी म्हटलं परभणी जिल्हा. खुर्चीवर ताठ बसलेले एक म्हातारे म्हणाले, "ठीक है. परभणी, चहाचं बघ." पलटणीत माणसाला त्याच्या जिल्ह्यानं हाक मारतात म्हणे. तेव्हापासून त्या वाडीत मी परभणीच झाले. ते म्हातारे म्हणजे सुभेदार. वाडीतल्या सगळ्या फौजींमध्ये हुद्द्यानं मोठे.

मॅडमनी सोप्या शब्दांत सांगितलं. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. आपला आकडा सांगा. आणि मान द्यायचा म्हणून सुरुवात सुभेदारांपासून केली.

"दोन," सुभेदार म्हणाले.

पुढचे हवालदार म्हणाले, "दोन." त्यापुढचे म्हणाले, "दोनच धरा." एकानं "एक" म्हटलं. शांताराम म्हणून एक होते, पलटणीत नाईक, पन्नाशीचे, ते खांबाला पाठ लावून उभे होते, कारण त्यांना खाली बसता येत नव्हतं. त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. ते म्हणाले, "दोन, मॅडम." मॅडमनी विचारलं, "बसता येत नाही तरी दोन?" तर कुणीतरी मागून म्हणालं, "त्याला सवय हाय, गार्ड ड्यूटीची!" आणि सगळे हसले. शांतारामदादाही हसले, पण खांब न सोडता.

मी चहाची भांडी घेऊन त्यांच्याच घरी गेले, विहाराला लागून होतं म्हणून. त्यांच्या बायको, सुलोचनावहिनी, चुलीपाशी होत्या. मी सहज म्हटलं, यांचं सगळ्यांचं दुखणं दोनच आहे. त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

"सुभेदारांनी दोन म्हटल्यावर आमचे हे तीन म्हनतील? त्यांच्या वर कोन जाईल गो? पगार जास्त नाय, पेन्शन जास्त नाय, मग दुखनं तरी जास्त कसं?"

मीही हसले. हसता हसता बघितलं तर त्यांचं हसू थांबलं होतं आणि त्या चुलीतलं लाकूड उगाच आतबाहेर करत होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुला एक विचारू? तू बाहेरची हायस म्हनून विचारते. हे म्हनतात, कापनी झाली की मी मोकळा. दोनदा म्हनाले. मोकळा म्हंजे काय गो?"

मला उत्तर माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. चहा उतू आला, वहिनींनी भांडं पदरानं धरून उतरवलं.

हे कळायला सावड काय ते कळलं पाहिजे. या डोंगरात कापणी मजुरीनं होत नाही. सगळ्यांनी मिळून आज एकाचं शेत कापायचं, उद्या दुसऱ्याचं. ज्याच्या शेतात लोक राबले, त्यानं त्या प्रत्येकाच्या शेतात जाऊन राबायचं. ती सावड फेडल्याशिवाय सुटका नाही. वाडीत भांडणं असतील, बोलणं बंद असेल, पण सावड ठेवून कुणी जात नाही, मुंबईलासुद्धा नाही. शांतारामदादांचं शेत सगळ्यांत वर, उशिरा पिकणाऱ्या भाताचं, म्हणून दरवर्षी सगळ्यांत शेवटी कापायचे. तोवर त्यांचं सगळ्यांकडचं फेडून झालेलं असायचं. ते स्वतः वाकू शकत नव्हते, त्यांच्या वाटचं वहिनी कापायच्या. त्यांची कापणी झाली की ते कुणाचं काही लागत नसत. मोकळा म्हणजे असा. त्यांनी सगळा हिशेब नीट लावला होता, फौजी माणूस लावतो तसा.

परतताना जीपमध्ये मी मॅडमना सांगितलं. सांगताना तो शब्द मी उच्चारलाच नाही. आमच्याकडं असं बोलत नाहीत, बोललं की ते घरात येतं म्हणतात. मी नुसतं म्हटलं, "ते काहीतरी करून घेतील." मॅडमनी जीप थांबवायला सांगितली. खाली सगळी भातं उन्हात चमकत होती. इतकी सुंदर की मला त्यांची भीती वाटायला लागली. एकेक तुकडा कापला जाईल आणि पिवळं कमी होत होत वर सरकेल, शेवटच्या शेतापर्यंत. मॅडम म्हणाल्या, "मागं फिरू या."

शांतारामदादा गोठ्यामागं एकटे उभे होते. तिथं मी जे बघितलं ते माझ्या आयुष्यात पुन्हा बघितलं नाही. मॅडम त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि कसलाही आडपडदा न ठेवता, भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात त्यांनी विचारलं, "दादा, जीव द्यायचा विचार येतो का?"

मला वाटलं, आता हे चिडतील, हाकलून देतील. ते म्हणाले, "येतो." आणि असं काही झालं की त्यांचे खांदे, जे सकाळपासून 'सावधान'मध्ये होते, ते खाली आले.

मग ते बोलले. बर्फाच्या रस्त्यावर ट्रक घसरला होता. "गोळी लागली असती तर सांगायला तरी झालं असतं. ट्रकात बटाटे होते, मॅडम. पलटनीचे बटाटे. मी बटाट्यांखाली सापडलो. पोरं विचारतात, आजोबा, लढाईत लागलं काय? काय सांगू?" ते हसले, आम्हीही हसलो, आणि त्या हसण्यात मला रडू आलं. कंबरेपासून टाचेपर्यंत विस्तव जातो म्हणाले. झोप नाही. बायकोला हात लावू देत नाहीत, कारण तिच्या हातानंही दुखतं, आणि हे तिला सांगता येत नाही.

मॅडमनी त्यांना स्पष्ट सांगितलं, हे मी गुपित ठेवणार नाही. तुमच्या घरी सांगणार, महाडच्या डॉक्टरांकडं तुम्हाला नेणार, आणि इथल्या एका माणसाला सांगणार. कुणाला सांगू ते तुम्ही ठरवा. ते म्हणाले, सुभेदारांना नको. थोड्या वेळानं म्हणाले, "नायतर त्यांनाच सांगा."

सुभेदार आधी चिडले. "फौजी असं करत नाही," म्हणाले. मॅडमनी विचारलं, "साहेब, तुमचा खरा आकडा किती?" सुभेदार खुर्चीतून उठले. उठताना त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबले आणि तोंडातून आवाज येऊ नये म्हणून जबडा आवळला, तो आवळलेला मी बघितला. म्हणाले, "मी कण्हलो तर ही पोरं काय करतील?" आणि आत निघून गेले. आम्हाला वाटलं, संपलं. पण त्याच दिवशी वहिनींच्या घरातल्या धोक्याच्या सगळ्या वस्तू सुभेदारांच्या घरी गेल्या, ते स्वतः येऊन घेऊन गेले. आणि संध्याकाळी विहारापुढं सावड ठरली तेव्हा ते म्हणाले, "उद्या शांतारामचं शेत."

गलका झाला. "साहेब, त्याचं अजून हिरवं हाय!" "पळिंज निघेल नुसतं!" हिरवं भात कापलं की दाणा भरत नाही, नुसती फोलं निघतात, ते हे लोक पळिंज म्हणतात. एक म्हातारी तर तोंडावरच म्हणाली, "सुभेदाराला चळ लागला." सुभेदार म्हणाले, "खालचा अर्धा पिकलाय. तेवढा उद्या. हुकूम हाय." शांतारामदादांना काही कळलं नाही. मलाही कळलं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की त्यांची कापणी शेवटून पहिली आणली, म्हणजे दिवस कमी केले. त्या रात्री मॅडम आणि मी वहिनींकडंच राहिलो, रात्रभर मी तळमळले. हे काय करून बसले सुभेदार?

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी वरच्या शेतात. विळ्यांची सरसर, बायकांच्या चेष्टा, मधेच कुणाच्या तरी मोबाईलवर भीमगीतं. हिरवट भात, ओलं, झोडताना कोरड्या भातासारखं वाजत नव्हतं. दुपारी खळ्यावर झोडणी लागली. सुभेदार बांधावर बसले होते. ते मॅडमकडं बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी माझा रिपोर्ट चुकला. दोन नाय. आठ हाय. थंडीत पहाटे नऊ."

पेंढी उचललेले हात तसेच राहिले. डोंगरावरून शेवटचा धप्प माघारी आला आणि मग काहीच आलं नाही. हवालदार म्हणाले, "माझं सहा." एक जण म्हणाला, "सात, पन सांगनार कोनाला." असं करत करत आलं शांतारामदादांपर्यंत. ते पेंढ्यांच्या राशीला टेकून उभे होते. त्यांनी सुभेदारांकडं बघितलं आणि म्हणाले, "नऊ, साहेब. माफ करा."

वहिनी पाण्याची कळशी घेऊन येत होत्या. त्यांनी ती खाली ठेवली नाही. डोक्यावर तशीच घेऊन उभ्या राहिल्या आणि नवऱ्याकडं बघत राहिल्या. इतकी वर्षं एका घरात राहून हा आकडा त्या पहिल्यांदा ऐकत होत्या.

ऊन उतरल्यावर शांतारामदादा म्हणाले, "झाली माझी कापनी." ते कशा अर्थानं म्हणाले ते फक्त चार-पाच जणांना कळलं. सुभेदार काठी टेकत त्यांच्यापुढं आले. "झाली कशी? वरचा अर्धा उभा हाय. आन खालच्या अर्ध्याला सगळी वाडी राबली. सावड फेडशील तवा झाली."

"सुलोचना फेडंल, साहेब."

"तिची ती फेडंल. तुझी कोन फेडनार?"

"कंबर वाकत नाय."

"वाक कोन म्हनतो? उभा राहा, बस, आडवा हो. पेंढ्यांचे बंद वळ. पन प्रत्येकाच्या खळ्यावर यायचं. हुकूम हाय."

तेव्हा मला कळलं की सुभेदारांनी काय केलं होतं. ज्या माणसानं कुणाचं काही न लागता जायचं ठरवलं होतं, त्याला त्यांनी एका दिवसात सगळ्या वाडीचं देणेकरी करून ठेवलं होतं.

मग त्या हंगामात शांतारामदादा खळ्याखळ्यावर गेले. भारे बांधायला पेंढ्याचे बंद वळायचे, राशीला टेकून. महाडच्या डॉक्टरांचं औषध चालू झालं, मॅडम त्यांना श्वास कसा घ्यायचा, किती चालायचं, कुठं थांबायचं ते शिकवायच्या. मॅडमनी विहारातली बैठक बंदच केली. त्याही खळ्यावर जाऊन बसायला लागल्या. हातात काम असलं की पुरुष बोलतात हे त्यांना त्या डोंगरात कळलं असं त्या म्हणायच्या, आणि पुढं जिथं जिथं काम केलं तिथं त्यांनी माणसांच्या हातात आधी काहीतरी दिलं. आकडा विचारायचा झाला तर प्रत्येकाला वेगळं गाठून, आणि हुद्द्यानं सगळ्यांत लहान असेल त्याच्यापासून.

दुखणं गेलं नाही. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे. मॅडम म्हणायच्या, "मी दुखणं काढत नाही हो, मी त्याच्याशेजारी जागा करते." शांतारामदादांचा नऊचा सात झाला, पावसात पुन्हा नऊ. कधी कधी ते चार-चार दिवस बोलायचे नाहीत. पण दरवर्षी सुभेदार त्यांचं अर्धं हिरवं शेत सगळ्यांत आधी घ्यायला लावायचे, लोक दरवर्षी कुरकुरायचे, थोडं पळिंज निघायचं, आणि दादांवर वर्षाची सावड चढायची. मॅडम आता लांब दुसऱ्या राज्यात असतात, तसंच काम करतात. मला वाचायला पुस्तकं पाठवतात. मी महाडात डबे करते, आणि पोलादपूरला आठवड्यातून एकदा बायकांची बैठक असते तिथं जाते. तिथं सगळ्या बायका दुखणं असलेल्या माणसांच्या. माझं काम चहा करायचं आणि ऐकायचं.

या पावसाळ्यात सुभेदार गेले. झोपेत गेले. घाटात रस्ता बंद होता, आम्हाला जाता आलं नाही.

म्हणून या वर्षी भात पिवळं पडायला लागलं तेव्हापासून माझ्या पोटातला गोळा हलेना. हुकूम देणारा माणूस गेला. आता पहिलं शेत कुणाचं घेतील? हिरवं भात कापा म्हणायला कुणाची जीभ रेटेल? दादांचं शेत पहिल्यासारखं शेवटी गेलं तर? मी फोन हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. आमचे हे म्हणाले, "एवढं वाटतंय तर कर की फोन." फोन केल्यावर जे ऐकावं लागेल त्याची भीती त्यांना कशी सांगू?

परवा केला. सुलोचनावहिनींनी उचलला. मागं धप्प, धप्प चालू होतं. मी विचारलं, "सावड लागली? पहिलं शेत कुणाचं?"

"यांनाच विचार गो. यंदा सगळं हेच ठरवतात," त्या म्हणाल्या आणि फोन दिला.

शांतारामदादा म्हणाले, "सदाचं घेतलं." सदा म्हणजे उन्हाळ्यात पेन्शनीवर आलेला त्यांच्या शेजारचा हवालदार. वय चाळिशीचं. मी त्याला एकदाच बघितलंय, मान एका बाजूला न वळणारा, फार सभ्य.

"त्याचं पिकलं होतं?"

"कुठं? हिरवंच. लोक बोलले मला. म्हनाले, सुभेदाराचा चळ तुला लागला."

"कसा आहे तो?"

"ठीक हाय म्हनतो," दादा म्हणाले. मग जरा थांबून, "म्हनून तर."

मला बरं वाटलं. आणि लगेच दुसरं सुचलं. "आणि तुमचं शेत, दादा?"

"माझं शेवटी."

माझ्यापुढं कुकर होता. शिट्टी होणार होती, मी गॅस बंद केला. भीती कुठं आहे ते शोधायला लागले, पोटात होती, छातीत होती, बोटांत होती. दहा वाक्यं मनात आली, बरे आहात ना, जपा, औषध घेता ना. एकही कामाचं नव्हतं. मॅडम इथं नव्हत्या. सुभेदार नव्हते. मी ओट्याची कड धरली आणि भाजीचा भाव विचारावा तसा आवाज काढायचा प्रयत्न केला. तो तसा आला नाही, थरथरला.

"दादा, जीव द्यायचा विचार येतो का?"

फोनमधलं झोडणं थांबलं नव्हतं. एक धप्प, मग त्याचा डोंगरावरून आलेला दुसरा.

"येतो कधीमधी," ते म्हणाले. "घटकाभर बसतो आन जातो. मी त्याला चा पन विचारत नाय."

मागून सुलोचनावहिनींचा आवाज आला, "खोटं बोलतात गो! चा मलाच करायला लागतो. तो आला की हाका मारून मारून मला उठवतात, म्हनतात, इथं येऊन बस."